घाऊक खरेदी: पैसे कुठे वाचतात आणि कुठे वाचल्यासारखे वाटतात

घराचा खर्च पहिल्यांदा आपल्या हाती आला की एक सल्ला हमखास मिळतो: "सगळं एकदम भरून टाक, स्वस्त पडतं." सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला अर्धाच असतो. एकदम भरल्याने काही वस्तू नक्की स्वस्त पडतात, काहींत नाव घेण्यासारखा फरक पडत नाही आणि काही चक्क महाग पडतात. कोणती वस्तू कोणत्या गटातली, हे दुकानातल्या पाटीवरून कळत नाही. तुमच्या घरात ती किती लागते, किती टिकते आणि हाताशी भरपूर असली की हात किती सैल सुटतो, यावर ते ठरतं.

मी बरीच वर्षं घरखर्च वस्तूवार लिहीत आले आहे. त्यातून जी पद्धत बसली ती इथे क्रमाने देते. पहिल्याच आठवड्यात मोठी खरेदी करायला जाऊ नका. पहिला महिना नुसत्या नोंदींचा आहे, आणि तो टाळला तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

हाताशी काय लागेल

- मागच्या दोन-तीन महिन्यांची बिलं, कागदी किंवा फोनमधली. नसतील तर आजपासून जपायला लागा.
- एक वही, किंवा फोनमधली साधी तक्ता करता येणारी शीट.
- स्वयंपाकघरातला वजनकाटा.
- न पुसला जाणारा मार्कर आणि चिकटपट्टी. हे किरकोळ वाटेल, पण साठा वाया जाण्यापासून सगळ्यात जास्त हेच वाचवतं.
- घट्ट झाकणाचे, हवाबंद डबे. आधी घरात असलेले मोजा. नवे डबे विकत घेतलेत तर त्यांचा खर्चही बचतीतून वजा होतो.
- घाऊक दुकानात सदस्यत्व घ्यायचं असेल तर ओळखपत्र. काही घाऊक दुकानं फक्त व्यापाऱ्यांना माल देतात आणि व्यवसायनोंदणीचा कागद मागतात, म्हणून जाण्याआधी फोन करून विचारा.

१. महिनाभर फक्त लिहा

कोणतीही वस्तू उघडली की त्या पाकिटावर मार्करने तारीख टाका. संपली की वहीत लिहा: वस्तू, माप, उघडल्याची तारीख, संपल्याची तारीख. एवढंच. महिन्याभरात तुमच्याकडे एक अशी माहिती जमते जी कुठल्याही दुकानदाराकडे नाही: तुमच्या घराचा खपाचा वेग.

या नोंदीत आणखी एक रकाना ठेवाच: 'टाकून दिलं'. तळाशी खवट झालेलं, किडा लागलेलं, कोणाला आवडलं नाही म्हणून पडून राहिलेलं, सगळं त्यात जाऊ द्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं साधारण ६० टक्के घरांमधून. हॉटेलं आणि दुकानं मिळूनही घरांइतकं टाकत नाहीत. म्हणून हा रकाना रिकामा राहील असं गृहीत धरू नका.

२. पाकिटाची किंमत विसरा, मापामागचा दर काढा

सगळ्या लेखात ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबू.

हिशेब सोपा आहे. किमतीला मापाने भागायचं. समजा ५०० ग्रॅमचं पाकीट १०० ला आहे आणि २ किलोचं ३६० ला. पहिल्याचा किलोमागे दर २००, दुसऱ्याचा १८०. म्हणजे मोठ्या पाकिटात १० टक्के वाचतात. हा १० टक्क्यांचा आकडा वहीत लिहून ठेवा; पुढच्या प्रत्येक पायरीत तोच लागणार आहे.

मोठं पाकीट म्हणजे स्वस्तच, ही समजूत इतकी पक्की असते की बहुतेक जण भागाकार करतच नाहीत. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस किराणा दुकानांच्या पाहण्या झाल्या, तेव्हा कितीतरी वस्तूंची मोठी पाकिटं लहान पाकिटांपेक्षा मापामागे महाग निघाली. संशोधकांनी त्याला 'क्वांटिटी सरचार्ज' असं नाव दिलं. कारण कळायला अवघड नाही: लहान पाकिटावर दोन ब्रँडची चुरस असते किंवा सवलत चालू असते, मोठ्यावर नसते; आणि मोठं पाकीट उचलणारा ग्राहक सहसा तुलना करत नाही, हे विकणाऱ्यालाही माहीत असतं.

अनेक देशांत आता मापामागचा दर दाखवणं कायद्याने आलं आहे. युरोपीय संघात १९९८ च्या निर्देशाने, ऑस्ट्रेलियात मोठ्या किराणा दुकानांसाठी २००९ च्या संहितेने, आणि भारतात वेष्टनविषयक नियमांच्या २०२१ च्या दुरुस्तीने ही तरतूद झाली. तेव्हा आधी पाकिटावर किंवा फळीवरच्या पट्टीवर बारीक अक्षरांत तो आकडा शोधा. मात्र एका पट्टीवर दर १०० ग्रॅममागे आणि शेजारच्या पट्टीवर किलोमागे असू शकतो, तेवढं बघून घ्या.

या पायरीवर फसायच्या जागा बऱ्याच आहेत:

- लीटर आणि किलो. खाद्यतेल पाण्याहून हलकं असतं. १ लीटर तेलाचं वजन साधारण ९१० ते ९२० ग्रॅम भरतं. एक ब्रँड लीटरमध्ये आणि दुसरा किलोत विकत असेल तर दोन्ही एकाच मापात आणल्याशिवाय तुलना करूच नका. ८-९ टक्क्यांचा फरक इथेच लपतो, आणि घाऊक खरेदीतली सगळी बचतही अनेकदा तेवढीच असते.
- दाट आणि पातळ. भांड्यांचा किंवा कपड्यांचा द्रवसाबण लीटरवर तोलू नका. एका धुण्याला किती लागतो ते पाकिटावर लिहिलेलं असतं. त्यावरून 'एका धुण्यामागे दर' काढा. पाच लीटरचा स्वस्त कॅन पातळ असेल तर तो स्वस्त नाही.
- कागदी वस्तू. टिश्यू किंवा टॉयलेट पेपरचे रोल मोजू नका. एका रोलमधले कागद, कागदाचा आकार आणि किती पदरी आहे, हे तिन्ही बघा.
- डबाबंद पदार्थ. पाकातली फळं, खाऱ्या पाण्यातल्या भाज्या यांचं निथळलेलं वजन वेगळं छापलेलं असतं. दर त्यावर काढा.
- गुपचूप घटलेलं माप. किंमत तीच, पाकीट तेच, पण आतला माल कमी. म्हणून वहीत नुसती किंमत न लिहिता मापही लिहायचं.
- जुळे पाकीट. दोन-तीन पाकिटं एकत्र बांधून ठेवली की स्वस्त वाटतात. कधी कधी सुटी तीन घेतली तर तेवढीच किंवा कमीच किंमत होते.

मोठ्या पाकिटाची तुलना नेहमी लहान पाकिटाच्या सवलतीतल्या दराशीही करा. एखादी वस्तू दर दीड-दोन महिन्यांनी सवलतीत येत असेल, तर तेव्हा लहान पाकिटंच चार घेणं घाऊकपेक्षा स्वस्त पडतं. शिवाय लहान पाकिटं एकेक करून उघडली जातात, उरलेली सीलबंद राहतात. मला वैयक्तिकरीत्या हा मार्ग जास्त पटतो.

३. टिकण्याची मुदत आणि खपाचा वेग यांची गाठ घाला

सूत्र एकच: वस्तू खराब व्हायच्या आत संपली पाहिजे, आणि तीही निम्म्या मुदतीत संपली तर उत्तम. पहिल्या पायरीतला खपाचा वेग इथे कामी येतो. महिन्याला अर्धा किलो लागणारी वस्तू ५ किलो घेतली तर ती १० महिने पुरणार. तिला १० महिने तोंड उघडल्यावर टिकायचं आहे, बंद पाकिटात नव्हे. छापलेली मुदत बहुतेक वेळा बंद पाकिटाची असते.

निर्धास्त भरण्यासारख्या वस्तू: मीठ, साखर, पांढरा तांदूळ, अंगाचा साबण, कचऱ्याच्या पिशव्या, कागदी रुमाल, काडेपेट्या, दिवे, चांगल्या कंपनीचे अल्कलाइन सेल. हे कोरड्या जागेत ठेवले तर वर्ष-दोन वर्षं सहज जातात.

जपून घ्यायच्या वस्तू: तेल, सुकामेवा, तेलबिया, कोंड्यासकट दळलेलं पीठ, हातसडीचा किंवा तपकिरी तांदूळ. यांतलं स्निग्ध हवा, ऊब आणि उजेड लागला की खवट होतं. पांढरा तांदूळ जिथे वर्षानुवर्षं टिकतो तिथे तपकिरी तांदूळ साधारण सहा महिन्यांत वास धरू लागतो, कारण त्याच्या वरच्या थरात तेल असतं. दळलेले मसाले खराब होत नाहीत, पण सुगंध उडतो. मग तेवढ्याच चवीला जास्त टाकावे लागतात. अख्खे मसाले घेऊन लागतील तसे दळले तर हा तोटा टळतो.

लोक हमखास विसरतात त्या वस्तू: ब्लीच. त्यातल्या सोडियम हायपोक्लोराइटची ताकद ठेवल्या ठेवल्या कमी होत जाते, उकाड्यात आणखी लवकर. वर्षभराचं ब्लीच भरून ठेवलं तर शेवटचे कॅन बरेच कमजोर झालेले असतात. एन्झाइमवाले द्रव डिटर्जंटही असेच मंदावतात. सनस्क्रीन आणि औषधांना खरी मुदत असते. ती स्वस्तात मिळाली म्हणून साठवू नयेत, औषधं तर घरात लहान मुलं असतील तर अजिबात नाही. बाळाचे डायपरही याच यादीत घाला, कारण ते खराब झाले नाहीत तरी बाळ मोठं होतं आणि माप बदलतं.

आता 'टाकून दिलं' रकान्याकडे या. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: जितके टक्के सवलत, तितके टक्के माल टाकावा लागला की बचत शून्य. १५ टक्के स्वस्त मिळालेल्या मालातला १५ टक्के वाया गेला तर तुम्ही किरकोळ भावानेच खरेदी केली, वर उचलून आणायचे कष्ट घेतले. त्याहून जास्त गेला तर पदरचे घातले. ताजी भाजी, फळं, पाव, दुधाचे पदार्थ यांत घाऊक खरेदी बहुतेक लहान कुटुंबांना का परवडत नाही, ते या एका ओळीत आहे.

४. भरपूर असलं की हात सैल सुटतो, तो मोजा

हा तोटा वहीत सहज दिसत नाही, कारण काही फेकलेलं नसतं. सगळं वापरलेलंच असतं, फक्त लवकर.

कुसुम ऐलावादी आणि स्कॉट नेस्लिन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दही आणि केचप या दोन वस्तू तपासल्या होत्या. सवलतीमुळे घरात जास्त साठा आला की दह्याचा खप चांगलाच वाढला. केचपचा त्यामानाने फार कमी. म्हणजे सगळ्या वस्तू सारख्या वागत नाहीत. जे येता-जाता तोंडात टाकता येतं, ते साठ्याबरोबर वाढतं. जे ठरावीक कामालाच लागतं, ते नाही. केरपिशवी भरपूर आहे म्हणून कोणी दिवसाला दोन वापरत नाही, पण बिस्किटं, चिप्स, शीतपेयं, चॉकलेट यांचा मोठा खोका आठवडाभर पुरत नाही.

इथेही हिशेब करता येतो. २० टक्के सवलतीने घेतलेली वस्तू २५ टक्के जास्त वापरली गेली की बचत संपली. १० टक्के सवलत असेल तर ११ टक्के जादा वापरच पुरेसा आहे. तपासायला सोपं: मोठं पाकीट उघडल्याची आणि संपल्याची तारीख लहान पाकिटाच्या वेगाशी ताडून पहा. चारपट मोठं पाकीट चारपट दिवस पुरलं का? नसेल, तर ती वस्तू यापुढे लहान पाकिटातच.

द्रवसाबण, शाम्पू, डिटर्जंट मोठ्या कॅनमधून थेट ओतू नका. लहान बाटलीत काढून घ्या आणि मापाचं झाकण वापरा. कॅनमधून ओतताना माप राहत नाही, हे प्रत्येक घरात दिसतं.

५. पैसे कुठून येणार ते आधी ठरवा

घाऊक खरेदी म्हणजे पुढच्या काही महिन्यांचा खर्च आज करणं. ज्याच्याकडे महिनाअखेरीला काही उरतं त्याला ते जमतं. ज्याच्याकडे उरत नाही त्याला 'काटकसर कर, एकदम घे' असं सांगणं अन्यायाचं आहे. मिशिगन विद्यापीठातले संशोधक येशिम ओरहुन आणि माइक पालाझोलो यांनी अमेरिकी घरांच्या टॉयलेट पेपरच्या खरेदीचा अभ्यास केला. कमी उत्पन्नाची घरं मोठे पॅक आणि सवलतीच्या वेळा साधण्यात मागे पडत होती, आणि हातात पैसा असण्याच्या दिवसांत हा फरक कमी होत होता. अडचण अकलेची नव्हती, रोख पैशाची होती.

म्हणून क्रेडिट कार्डाची बाकी शिल्लक ठेवून साठा करू नका. उदाहरण घ्या: सहा महिन्यांचा १०० चा माल ९० ला मिळाला. ते ९० कार्डावर टाकले, १५ लगेच आणि मग दर महिन्याला १५ फेडत गेलात, आणि व्याज महिन्याला ३ टक्के आहे. एकूण व्याज ६.७५ होतं. दहाच्या बचतीतले पावणेसात गेले, आणि त्यात थोडा माल वाया गेला तर उरलेलेही गेले.

हातात मोठी रक्कम नसेल तर एका वेळी एकच वस्तू मोठ्या मापात घ्या, सगळ्यात टिकाऊ आणि सगळ्यात जास्त सवलतीची. तिच्यावर जे वाचेल ते वेगळं ठेवा आणि त्यातून पुढच्या महिन्यात दुसरी. हळू होतं, पण व्याज लागत नाही.

६. साठवण

जागा आधी, खरेदी नंतर. थंड, कोरडी, अंधारी जागा हवी. शेगडीच्या वरचं कपाट त्यासाठी सगळ्यात वाईट, कारण तिथे रोज ऊब आणि वाफ पोहोचते. नवा माल मागे, जुना पुढे, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगा. डब्यावर दोन तारखा लिहा, आणल्याची आणि मुदतीची.

जुन्या धान्यावर नवं धान्य ओतू नका. डबा पूर्ण रिकामा करून, धुऊन, खडखडीत वाळवून मगच भरा. सोंडे आणि अळ्यांची अंडी पुष्कळदा मालाबरोबरच आलेली असतात. फ्रीझरमध्ये जागा असेल तर धान्य किंवा पीठ पिशवीत बंद करून उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवा, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत पाणी सुटून बुरशी धरेल.

ब्लीच आणि आम्लयुक्त सफाईद्रव शेजारी ठेवू नका. ते सांडून एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. साठा जितका मोठा तितका हा धोका मोठा, म्हणून सफाईचं सामान कुलूपबंद आणि खाण्याच्या वस्तूंपासून दूर.

७. सदस्यत्वाचं शुल्क फिटतं का

शुल्क घेऊन घाऊक भावाने विकण्याची पद्धत १९७६ मध्ये अमेरिकेतल्या सान डिएगोत सोल प्राइस यांनी 'प्राइस क्लब' काढून रूढ केली. तिचं गणित असं: मालावर नफा थोडा, शुल्कावर बरा. तुमचं गणित वेगळं आहे. शुल्काला तुमच्या सरासरी बचतीच्या टक्क्यांनी भागा. शुल्क ५०० आणि तिथे घेतलेल्या वस्तूंवर सरासरी ५ टक्के वाचत असतील, तर १०,००० ची खरेदी झाल्यावर शुल्क फिटतं. बचत त्यापुढे सुरू होते. त्यात जाण्या-येण्याचा खर्च मिळवा, आणि यादीत नसताना उचललेल्या वस्तूही. "शुल्क भरलंय तर घेऊनच टाकू" हा विचार मनात आला की तिथेच थांबा.

८. दोन-तीन घरांनी मिळून घ्या

लहान कुटुंबाला, एकट्या राहणाऱ्याला हा सगळ्यात चांगला उपाय आहे. भाव मोठ्या मापाचा, साठा लहान मापाचा. ही कल्पना जुनी आहे: १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात विणकर आणि इतर कामगारांनी पैसे जमवून पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या विकणारं आपलंच दुकान काढलं, आणि जगभरच्या ग्राहक सहकारी संस्थांनी पुढे त्यांचा कित्ता गिरवला.

तुम्हाला संस्था काढायची गरज नाही. तीन गोष्टी आधी स्पष्ट करा: पैसे खरेदीआधी जमा होतील, वाटणी वजनकाट्यावर होईल, आणि माल खराब निघाला तर तोटा सगळ्यांत वाटला जाईल. बिलाचा फोटो सगळ्यांना त्याच दिवशी पाठवा. सुरुवात बंद पाकिटांनी करा. सुट्या मालाची वाटणी थोडा सराव झाल्यावर. आणि कोणाला ॲलर्जी असेल तर सुटा सुकामेवा किंवा पीठ एकाच जागी वाटू नका.

९. पहिली खरेदी

वहीतून अशा तीनच वस्तू निवडा ज्यांत मापामागे निदान १० टक्के फरक आहे, ज्या निम्म्या मुदतीत संपतील, आणि ज्या भरपूर आहेत म्हणून जास्त वापरल्या जाणार नाहीत. बहुतेक घरांत यांत एखादं धान्य, कपडे धुण्याची पावडर आणि एखादी कागदी वस्तू येते. ब्रँड नवा असेल तर आधी लहान पाकीट घेऊन पहा. न आवडलेला पाच किलोचा साठा संपवणं फार जिवावर येतं.

दुकानात यादीबाहेरचं काही मोठ्या मापात दिसलं तर ते फक्त वहीत टिपा, दर आणि मापासकट. पुढच्या फेरीपर्यंत खपाचा वेग पाहता येईल.

तीन महिन्यांनी वही उघडा आणि प्रत्येक वस्तूपुढे चार आकडे लिहा: वाचलेले टक्के, वाया गेलेले टक्के, जादा वापरलेले टक्के, आणि तिच्यासाठी झालेला जादा खर्च, म्हणजे प्रवास, डबे, शुल्क. ज्या वस्तूची बेरीज उणे येते ती घाऊक यादीतून काढा. जिची अधिक येते तिचा दर मात्र दर तीन महिन्यांनी पुन्हा काढत रहा, कारण लहान आणि मोठ्या पाकिटांच्या किमती एकत्र बदलत नाहीत. गेल्या वेळी १२ टक्के स्वस्त असलेली गोणी या वेळी लहान पाकिटाच्या बरोबरीला आलेली असू शकते.